फॅन्टसी बेसबॉल : फलंदाजांची क्रमवारी आपल्या लीगच्या मापाने कशी लावावी?

प्रश्न असा आहे : "ऑफिसातल्या बारा संघांच्या रोटो लीगमध्ये यंदा प्रथमच उतरतो आहे. चार ठिकाणच्या तयार याद्या पाहिल्या, पण चारही याद्यांमध्ये क्रम वेगळा आहे. काईल श्वार्बर आधी घ्यावा की लुईस अराएझ, एवढेसुद्धा ठरत नाही. फलंदाजांची स्वतःची क्रमवारी कशी तयार करावी?"

फॅन्टसी बेसबॉलमध्ये आपण मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमधल्या, खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ मांडतो, आणि रोटो लीगमध्ये त्यांच्या आकड्यांच्या प्रत्येक रकान्यात संघांना क्रमांकाप्रमाणे गुण मिळतात. चारही याद्या वेगळ्या असण्यामागे बहुतेक वेळा कोणाचीही चूक नसते. प्रत्येक यादी कुठल्या तरी एका लीगसाठी केलेली असते आणि ती लीग कोणती, हे यादीच्या वर क्वचितच लिहिलेले असते. पंधरा संघांची की दहा संघांची, कॅचर (यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसणारा खेळाडू) एक की दोन, सरासरी मोजायची की ऑन-बेस टक्केवारी (फलंदाज बेसवर पोचण्याचे प्रमाण), एवढ्या गोष्टी बदलल्या तरी पहिल्या पन्नास नावांची उलथापालथ होते. त्यामुळे चांगला फलंदाज कोण, हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवावा. त्याऐवजी, हा खेळाडू घेतल्याने माझा संघ तक्त्यात किती वर सरकेल, आणि त्याच जागी फुकटात मिळणारा खेळाडू बसवला असता तर किती सरकला असता, हे विचारावे. या दोहोंतला फरक हीच त्या खेळाडूची किंमत असते आणि त्या किमतीच्या उतरत्या क्रमाने मांडलेली नावे म्हणजे तुमची यादी.

तुमची लीग नेहमीच्या पठडीतली आहे असे धरतो. बारा संघ, प्रत्येकी चौदा फलंदाज, आणि फलंदाजीचे पाच रकाने : धावा, होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारा फटका), आरबीआय (फलंदाजाच्या खेळीमुळे संघाला मिळालेल्या धावा), स्टील (फटक्याविना धावून चोरलेला पुढचा बेस) आणि सरासरी. प्रत्येक रकान्यात पहिल्या संघाला बारा गुण, शेवटच्या संघाला एक. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमधल्या एका रोटिसरी उपाहारगृहाच्या नावावरून हा खेळ सुरू केला, तेव्हा फलंदाजीचे रकाने चारच होते, धावांचा रकाना नंतर आला. क्रिकेटच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा करतो. इथली सरासरी म्हणजे हिट (चेंडू मारून गाठलेला बेस) भागिले ॲट-बॅट (हिशेबात धरलेली फलंदाजीची संधी). वॉक (चार खराब चेंडू सोडून फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला तर तो ॲट-बॅटमध्ये धरला जात नाही, म्हणजे संयमाने चेंडू सोडणाऱ्या फलंदाजाला या रकान्यात त्याचे काहीच श्रेय मिळत नाही.

पहिले काम म्हणजे तुमच्या लीगच्या मागच्या दोन-तीन हंगामांचे अंतिम तक्ते मिळवणे. प्रत्येक रकान्यात दुसऱ्या क्रमांकाच्या संघाच्या आकड्यातून अकराव्या संघाचा आकडा वजा करावा आणि येणाऱ्या फरकाला नऊने भागावे. पहिला आणि शेवटचा संघ मुद्दाम वगळायचा, कारण एखादा संघ सुसाट सुटलेला असतो आणि एखाद्याच्या मालकाने जुलैतच लक्ष काढून घेतलेले असते. जे उत्तर येईल ते त्या रकान्यात एक क्रमांक वर चढण्यासाठी लागणारे माप. त्याला इथे पायरी म्हणू. समजा तुमच्या तक्त्यांवरून धावांची पायरी २०, आरबीआयची २०, होम रनची ८, स्टीलची ८ आणि सरासरीची .००२ अशी आली. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही काढावेत.

स्टीलच्या बाबतीत मात्र तक्ता कोणत्या सालचा आहे ते नीट पाहावे. २०२३ मध्ये मेजर लीगने बेसचा आकार पंधरा इंचांवरून अठरा इंच केला, पिचर चेंडूफेकीच्या चौथऱ्यावरून किती वेळा पाय काढू शकतो यावर मर्यादा घातली आणि घड्याळही लावले. परिणामी २०२२ मधल्या २,४८६ स्टीलवरून आकडा २०२३ मध्ये ३,५०३ वर आणि २०२४ मध्ये ३,६१७ वर गेला. पूर्वी तीस स्टील करणारा खेळाडू सोन्यासारखा जपला जाई. आता २०२५ मध्ये हुआन सोटोसारखा, वेगासाठी कोणीही न ओळखलेला फलंदाजसुद्धा ३८ स्टील करून मोकळा झाला. प्रत्येक संघाची बेरीज वाढली की एक पायरी चढायला जास्त स्टील लागतात, म्हणजेच एकेका स्टीलची किंमत घटते. २०२२ किंवा त्याआधीचे तक्ते वापरणारे लोक आजही स्टीलवीरांना दोन-दोन फेऱ्या आधी उचलताना दिसतात.

आता तुमच्या दोन नावांवर हे माप लावून पाहू. त्यासाठी २०२३ चा हंगाम घेतो, कारण त्या वर्षी दोघेही आपापल्या टोकाला होते. श्वार्बरने १०८ धावा, ४७ होम रन आणि १०४ आरबीआय केल्या, स्टील एकही नाही, आणि सरासरी होती .१९७ (५८५ ॲट-बॅटमध्ये ११५ हिट). अराएझच्या नावावर ७१ धावा, १० होम रन, ६९ आरबीआय, ३ स्टील आणि .३५४ ची सरासरी (५७४ मध्ये २०३ हिट).

मोजून करायचे रकाने सोपे आहेत, नुसता भागाकार करायचा. श्वार्बरच्या धावांच्या ५.४ पायऱ्या, होम रनच्या ५.९, आरबीआयच्या ५.२, स्टीलची शून्य. बेरीज १६.५. अराएझच्या याच चार रकान्यांची बेरीज ८.६ भरते. सरासरीचा हिशेब वेगळा करावा लागतो, कारण एकट्या खेळाडूची सरासरी तुमच्या संघाला थेट मिळत नाही, ती बाकीच्या तेरा जणांत मिसळते. बाकीच्या तेरांचे मिळून ६,५०० ॲट-बॅट आणि सरासरी .२५५ आहे असे धरा, म्हणजे साधारण १,६५८ हिट. त्यात श्वार्बरचे आकडे मिळवले की संघाची सरासरी .२५० वर उतरते. नेमका फरक .००४८, म्हणजे २.४ पायऱ्यांचा तोटा. अराएझचे मिळवले की ती .२६३ वर जाते, म्हणजे चार पायऱ्यांचा फायदा. एकूण श्वार्बर १४.१, अराएझ १२.६.

सरासरीच्या रकान्यात एवढा मार खाऊनही श्वार्बर पुढे राहतो, हे पहिल्यांदा हिशेब करणाऱ्याला पटत नाही. पण अराएझचे सारे वजन एकाच रकान्यात आहे, तर श्वार्बर तीन रकान्यांत भक्कम आणि एकात तोट्याचा आहे. २०२५ च्या आकड्यांवर हाच हिशेब केला तर वाद उरतच नाही : श्वार्बरने ५६ होम रन, १३२ आरबीआय, १० स्टील आणि .२४० अशी कामगिरी केली, अराएझची सरासरी .२९२ वर आली आणि होम रन आठच झाले. त्या वर्षाच्या पायऱ्या श्वार्बरच्या जवळपास वीस आणि अराएझच्या जेमतेम दहा भरतात. मात्र तुमच्या लीगमध्ये सरासरीऐवजी ऑन-बेस टक्केवारी असेल तर २०२३ सुद्धा वेगळे दिसते. त्या हंगामात श्वार्बरने १२६ वॉक घेतले आणि त्याची ऑन-बेस टक्केवारी .३४३ होती, म्हणजे साऱ्या मेजर लीगच्या .३२० पेक्षा बरीच वर. जो फलंदाज एका लीगमध्ये एक रकाना बुडवतो, तोच दुसऱ्या लीगमध्ये त्या रकान्यात भर घालतो.

इथपर्यंत बरेच लोक येतात आणि थांबतात. पण पायऱ्यांची बेरीज ही अजून किंमत झालेली नाही. बारा संघ गुणिले चौदा म्हणजे १६८ फलंदाज ड्राफ्टमध्ये, म्हणजे हंगामाआधी पाळीपाळीने होणाऱ्या निवडीत, जाणार. एकशे एकोणसत्तरावा तुम्हाला कधीही वेव्हरवरून, म्हणजे कोणीही न घेतलेल्यांच्या यादीतून, फुकट मिळतो. त्याच्याही काही पायऱ्या असतातच. ६० धावा, १५ होम रन, ६० आरबीआय, ८ स्टील आणि ४५० ॲट-बॅटमध्ये .२४५ सरासरी, असा कोणालाही नकोसा आउटफिल्डर (दूरच्या मैदानातला क्षेत्ररक्षक) धरला तरी वरच्या मापाने त्याच्या ८.६ पायऱ्या भरतात. दुसऱ्या बेसवर तसाच शिल्लक राहिलेला खेळाडू ७.९ चा आहे असे समजू. आता २०२३ मध्ये आउटफिल्डर असलेल्या श्वार्बरची खरी किंमत ५.५ आणि दुसऱ्या बेसवरच्या अराएझची ४.७ झाली. दीड पायरीचे अंतर पाऊण पायरीवर आले.

हा फुकटातला खेळाडू अंदाजाने ठरवू नये, कारण क्रमवारीतल्या बहुतेक चुका तिथेच होतात. सगळ्या फलंदाजांना पायऱ्यांच्या बेरजेने लावावे आणि वरून एकेक नाव घेऊन बाराही संघांच्या जागा भरत जावे : दोन कॅचर, चारही इनफिल्ड (बेसजवळची) स्थाने, कॉर्नर (पहिल्या किंवा तिसऱ्या बेसवरचा), मिडल (दुसऱ्या बेसवरचा, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप), पाच आउटफिल्ड, युटिलिटी (कुठल्याही स्थानावरचा फलंदाज). प्रत्येक स्थानावर जागा संपल्यावर बाहेर राहिलेला पहिला खेळाडू हा त्या स्थानाचा तळ. तो त्या स्थानावरच्या सर्वांतून वजा करावा, पुन्हा क्रम लावावा, पुन्हा जागा भराव्यात. दोन-तीन फेऱ्यांत आकडे हलायचे थांबतात. स्प्रेडशीटमध्ये हे काम एका संध्याकाळचे आहे.

असे केले की स्थानांविषयीच्या बऱ्याच समजुती आपोआप गळून पडतात. शॉर्टस्टॉप दुर्मीळ असतो, ही त्यातली जुनी. बॉबी विट, एली डे ला क्रूझ आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींमुळे ते स्थान सध्या सर्वांत भरलेल्या स्थानांपैकी आहे. खरी टंचाई कॅचरची असते, तीही दोन कॅचर लागणाऱ्या लीगमध्ये. मेजर लीगमध्ये संघ तीस, तुमच्या लीगला कॅचर हवेत चोवीस, आणि बहुतेक कॅचर गुडघ्यांना विश्रांती देत खेळतात, त्यामुळे त्यांना संधी कमी मिळतात. चोविसावा कॅचर तुमच्या संघाची सरासरी बुडवण्यापलीकडे फारसे काही करत नाही. म्हणूनच २०२५ मध्ये कॅल रॅलीने कॅचर असून ६० होम रन आणि १२५ आरबीआय केल्या तेव्हा त्याची किंमत तेच आकडे असलेल्या आउटफिल्डरपेक्षा कितीतरी वर होती. तुमच्या लीगमध्ये कॅचर एकच असेल तर बाराच लागतात आणि हा फायदा बराचसा विरघळतो. याउलट श्वार्बर २०२४ पासून जवळजवळ फक्त डीएच (क्षेत्ररक्षण न करणारा फलंदाज) म्हणूनच खेळतो, त्यामुळे बऱ्याच लीगमध्ये तो युटिलिटीतच बसतो. शोहेई ओतानीही तिथेच बसणार असेल तर दोघांना एकत्र घेण्याआधी आपल्या लीगमध्ये युटिलिटीच्या जागा किती आहेत ते मोजावे.

आतापर्यंत मी मागच्या हंगामांचे आकडे वापरले, पण ड्राफ्ट पुढच्या हंगामासाठी असतो. त्यासाठी भाकिते लागतात. स्टीमर, झिप्स, द बॅट अशी नावाजलेली भाकिते उपलब्ध आहेत आणि स्वतः नवे गणित रचण्यापेक्षा त्यांपैकी दोन-तिनांची सरासरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आत काय चालते ते एकदा तरी हाताने करून पाहावे. टॉम टँगो यांची मार्सेल नावाची पद्धत त्यासाठी उत्तम आहे. माकडालाही जमेल इतकी ती सोपी असल्याने टीव्ही मालिकेतल्या एका माकडाचेच नाव तिला दिलेले आहे. गेल्या तीन वर्षांना अनुक्रमे ५, ४ आणि ३ असे वजन द्यायचे, त्यात सामान्य फलंदाजाच्या १,२०० प्लेट अपिअरन्स (वॉक वगैरे धरून फलंदाजीच्या सर्व संधी) मिसळायच्या आणि शेवटी वयाची थोडी दुरुस्ती करायची.

२०२५ साठी ॲरन जजचे उदाहरण घ्या. २०२४ मध्ये ७०४ प्लेट अपिअरन्समध्ये ५८ होम रन, २०२३ मध्ये ४५८ मध्ये ३७, २०२२ मध्ये ६९६ मध्ये ६२. वजन देऊन बेरीज केली की ७,४४० प्लेट अपिअरन्समध्ये ६२४ होम रन होतात. सामान्य फलंदाज शंभरात तीन या दराने १,२०० मध्ये ३६ मारतो, ते मिसळले की दर शंभरामागे साधारण ७.६ येतो. पुढच्या वर्षीच्या प्लेट अपिअरन्स मोजायला मार्सेल गेल्या वर्षीच्या निम्म्या, त्याआधीच्या वर्षीच्या एक-दशांश आणि वर २०० धरते, म्हणजे जजला ५९८. यातून जवळपास ४६ होम रन निघतात आणि तेहेतिसाव्या वर्षाची वजावट केली की ४५. प्रत्यक्षात जजने ५३ मारले.

भाकीत चुकले म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. भाकिते नेहमी मधल्या आकड्याकडे ओढलेली असतात आणि तशीच असायला हवीत, कारण गेल्या वर्षी टोकाला गेलेल्या सर्वांपैकी तिथेच टिकणारे थोडे असतात आणि ते कोण, हे मार्चमध्ये कळत नाही. मात्र यातून एक पथ्य निघते : एका खेळाडूचे भाकीत आणि दुसऱ्याचे गेल्या वर्षीचे प्रत्यक्ष आकडे यांची तुलना कधीही करू नये. सर्वांना एकाच मापाने मोजावे. त्याचप्रमाणे, डेन्व्हरचे कूर्स फील्ड हे मैदान सुमारे ५,२०० फूट उंचीवर आहे आणि तिथे चेंडू लांब जातो, हे भाकीत करणाऱ्यांना ठाऊक असते, आकड्यांत ते आधीच धरलेले असते. आपण वरून आणखी भर घातली तर तो फायदा दोनदा मोजला जातो.

भाकितांमधला सर्वांत कच्चा आकडा म्हणजे संधी, आणि स्वतःच्या अभ्यासाचा वेळ मी तिथेच घालवतो. फलंदाज शंभर प्लेट अपिअरन्समध्ये काय करेल याबद्दल बहुतेक भाकिते एकमेकांच्या जवळ असतात. त्याला ४५० मिळतील की ६५०, यावर मात्र ती फाटतात आणि पाचांपैकी चार रकाने सरळ याच आकड्यावर चालतात. फलंदाजीच्या क्रमात एक जागा खाली गेल्यावर पूर्ण हंगामात पंधरा-अठरा प्लेट अपिअरन्स कमी होतात. पहिल्या जागेवरून सातव्या जागेवर ढकललेला फलंदाज शंभराच्या आसपास गमावतो, शिवाय त्याच्या मागे त्याला घरी आणणारे फलंदाजही दुबळे असतात, म्हणून धावांना दुहेरी फटका बसतो. डावखुऱ्या पिचरसमोर बाकावर बसणारा डावखुरा फलंदाज, मे महिन्यात कोणी तरुण वर आला की जागा गमावणारा तिसऱ्या बेसवरचा अनुभवी खेळाडू, अशी माणसे भाकितांमध्ये वस्तुस्थितीपेक्षा चांगली दिसतात. वसंतातल्या सराव सामन्यांतली सरासरी मी पाहत नाही, पण व्यवस्थापक कोणाला कितव्या जागेवर खेळवतो ते न चुकता पाहतो.

दुखापतींबद्दल लोक उगाच टोकाची भूमिका घेतात. माइक ट्राउट २०२१ मध्ये ३६, २०२२ मध्ये ११९, २०२३ मध्ये ८२ आणि २०२४ मध्ये अवघे २९ सामने खेळला. असा इतिहास दिसला की एक तर नाव खोडले जाते, नाही तर यंदा तरी पूर्ण खेळेल या आशेने तो दुसऱ्या फेरीत घेतला जातो. पण २०२२ मध्ये त्याने ११९ सामन्यांत ४० होम रन मारले, आणि उरलेल्या ४३ सामन्यांत तुमची जागा रिकामी राहण्याचे कारण नव्हते. वरचाच ८.६ पायऱ्यांचा फुकटातला आउटफिल्डर तिथे बसवला की तेवढ्या दिवसांत तो दोन-सव्वादोन पायऱ्या देतो आणि त्या ट्राउटच्या खात्यात मिळवायला हव्यात. ज्या लीगमध्ये रोज संघ बदलता येतो आणि जखमींसाठी वेगळ्या जागा असतात तिथे हा हिशेब पूर्ण लागू पडतो. आठवड्याला एकदाच बदल करता येत असेल तर अर्धाच धरावा, कारण मंगळवारी दुखावलेला खेळाडू रविवारपर्यंत जागा अडवून बसतो.

पायऱ्यांऐवजी झेड-स्कोअर (खेळाडू सामान्यापेक्षा किती प्रमाण विचलने वर किंवा खाली आहे) वापरावा का, असे काही जण विचारतात. जुने तक्ते नसतील तर जरूर वापरावा, पण सरासरी थेट न घेता प्रत्येक खेळाडूचे हिट त्याच्या ॲट-बॅटच्या मानाने सामान्यापेक्षा किती जास्त आहेत, ते घ्यावे. नाही तर २०० ॲट-बॅटचा .३०० वाला आणि ६०० चा .३०० वाला एकाच मापाने तोलले जातात. हेड-टू-हेडमध्ये, म्हणजे दर आठवड्याला एकाच संघाशी लढत असलेल्या लीगमध्ये, पाया हाच राहतो. गुणांच्या लीगमध्ये तर पायऱ्यांची गरजच नाही, नियमात दिलेले गुण लावावेत आणि फक्त तळ वजा करावा.

यादी तयार झाल्यावर तिच्या शेजारी सरासरी निवड क्रमांक, म्हणजे एडीपी, मांडावा. एखादा खेळाडू तुमच्या यादीत चाळिसावा असेल आणि बाकीचे लोक त्याला नव्वदाव्या क्रमांकाला घेत असतील, तर चाळिसाव्या निवडीत त्याला उचलणे म्हणजे पन्नास क्रमांकांचा नफा हातचा सोडणे. त्याला सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास घ्यावा. शिवाय ज्यांच्या किमतींत पाव पायरीपेक्षा कमी अंतर आहे त्यांना एकाच गटात ठेवावे, कारण भाकितांमधली अनिश्चितता त्याहून कितीतरी मोठी असते. गटातला कोण घ्यायचा हे तोवर जमलेल्या संघाच्या गरजेवर सोडावे.

अराएझची खरी जागा इथेच येते. पहिल्या आठ फेऱ्यांत तुमच्याकडे श्वार्बर, रॅली आणि त्यांच्यासारखेच आणखी दोघे जमले असतील, तर होम रनमध्ये तुम्ही आधीच वर असता आणि सरासरीत तळाला. तिथे होम रनची पुढची पायरी चढून मिळणारा गुण महाग पडतो, सरासरीतल्या पायऱ्या मात्र समोर मोकळ्या असतात. म्हणून मी ड्राफ्टच्या वेळी स्प्रेडशीटमध्ये संघाची चालू बेरीज ठेवतो आणि दहाव्या फेरीपासून प्रत्येक निवडीआधी उरलेल्या नावांच्या पायऱ्या त्या बेरजेवर पुन्हा मोजतो. त्याआधी तसे करू नये, पहिल्या नऊ फेऱ्या सरळ किमतीच्या क्रमानेच घ्याव्यात. ऑफिसची लीग असल्याने ड्राफ्टमध्ये दर निवडीला बहुधा मिनीट-दीड मिनिटच मिळेल, तेव्हा ही सूत्रे आदल्या रात्री बसवून एकदा खोट्या ड्राफ्टवर चालवून पाहावीत.